काम कोणाचे होते?

गव्हाच्या हंगामात उज्जैनच्या चिमनगंज मंडीत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. तोललेला माल पोत्यांत भरला जातो, ट्रकमध्ये चढतो आणि शहराबाहेरच्या गोदामांत उतरतो. पोते साधारण पन्नास किलोचे. फाळक्याशी उभे असलेले दोघे ते उचलतात आणि खाली वाकून उभ्या असलेल्या हमालाच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, नेमके बसवतात. एक हात मागे नेऊन तो पोत्याचा कान धरतो आणि चालू लागतो. थप्पी डोक्याच्या वर गेली की लाकडी फळी तिरकी टेकवतात आणि मग भार घेऊन त्या फळीवरून चढायचे असते. फळीवर गव्हाचे दाणे सांडलेले असतात. पोत्यांची शिवण कुठेतरी उसवलेली असतेच. मूठभर दाणे, घामाने ओला तळवा आणि पाठीवर पन्नास किलो. घसरायला एवढे पुरते.

हमाल पडला की भोवती जमलेल्यांच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो : चूक कोणाची? याने पाय नीट का टाकला नाही? फळी कोणी लावली होती? प्रश्न स्वाभाविक आहे. आपण सगळेच तो विचारतो, कारण नुकसान झाले की दोषी शोधायची मनाला सवय आहे. पण कामावर जखमी झालेल्या माणसाच्या भरपाईचा कायदा हा प्रश्न विचारत नाही. तो शंभर वर्षांपासून वेगळाच प्रश्न विचारतो : काम कोणाचे होते? या एका बदलात त्या कायद्याचे सगळे शहाणपण सामावले आहे. हा बदल नीट समजला, तर पडलेल्या हमालाच्या घरी नेमके काय यायला हवे आणि ते का येत नाही, हे दोन्ही उलगडते.

आधी जुना प्रश्न कुठे घेऊन जात होता ते पाहू. 1837 साली इंग्लंडमध्ये प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा खटला झाला. एका खाटकाकडे काम करणारा प्रीस्टली मालाने खच्चून भरलेल्या गाडीवरून जात होता. गाडी मोडली आणि त्याची मांडी मोडली. न्यायालयाने भरपाई नाकारली. गाडी सुरक्षित आहे की नाही हे मालकाइतकेच नोकरालाही कळू शकत होते, असा त्या निकालाचा सूर होता. या वाटेने पुढे मालकांच्या हाती तीन बचाव आले. अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाला असेल तर मालक सुटला. जखमी माणसाचा स्वतःचा थोडा जरी हलगर्जीपणा असेल तरी सुटला. आणि धोका ठाऊक असूनही याने काम पत्करले, एवढे म्हणता आले तरीही सुटला. या तिहेरी चाळणीतून कोण खाली उतरणार? फळी साथीदारानेच लावलेली असते, पाय स्वतःचाच घसरतो आणि हमालीत धोका आहे हे कोणत्या हमालाला ठाऊक नसते?

जर्मनीने 1884 साली अपघात विम्याचा कायदा करून ही चाळणी बाजूला ठेवली. ब्रिटनने 1897 साली कामगारांच्या भरपाईचा कायदा केला. त्यामागचा विचार धान्याच्या व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही, कारण तो रोज तसाच हिशेब करतो. साठवलेल्या धान्यात घट येते. ओल सुकते, कीड लागते, थोडे सांडते. कोणत्या पोत्यातला कोणता दाणा कोणामुळे गेला, याची चौकशी करत तो बसत नाही. घट धंद्याला लागलेलीच आहे हे धरून तो ती भावात बसवतो. माणसाच्या शरीराची हानीही अशीच धंद्याला लागलेली आहे. हजारो पोती माणसांच्या पाठीवरून चढणार असतील, तर त्या हंगामात कोणीतरी पडणार हे निश्चित असते. कोण पडेल एवढेच ठाऊक नसते. मग ज्याच्या कामासाठी तो चढला होता, त्याच्या खात्यात हा खर्च पडला पाहिजे. तिथे तो पडला नाही, तर त्या हमालाच्या बायकापोरांच्या ताटात पडतो. खर्च नाहीसा होत नाही. तो कोणी सोसायचा, एवढेच ठरवायचे असते.

आपल्याकडे हा कायदा 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून अंमलात आला. भारतीय कामगार चळवळीच्या पायाभरणीतले ना. म. जोशी तेव्हा कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात होते. उज्जैन त्या काळी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत. आज मात्र तोच विचार इथल्या गोदामालाही लागू आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण त्याचा गाभा तसाच राहिला. पुढचे विवेचन 1923 च्या कायद्याच्या आधाराने केले आहे, कारण न्यायालयांनी या तत्त्वाचा अर्थ जो लावला तो त्या कायद्यावरच.

कायद्याचे मुख्य वाक्य साधे आहे. कामातून उद्भवलेल्या आणि काम चालू असताना झालेल्या अपघाताने शारीरिक इजा झाली, तर भरपाई देणे मालकावर बंधनकारक आहे. प्रश्न बदलल्याचा पहिला परिणाम इथेच दिसतो : या वाक्यात हलगर्जीपणा हा शब्दच नाही. मालक निष्काळजी होता हे हमालाने सिद्ध करायचे नाही. हमाल बेसावध होता असे सिद्ध करून मालक सुटत नाही. अपवाद मोजके आहेत : माणूस नशेत होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकले. आणि अपघाताने मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हे अपवादही मालकाच्या कामी येत नाहीत. कारण तेव्हा प्रश्न त्या माणसाच्या वर्तनाचा उरत नाही, त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांच्या पोटाचा होतो.

दुसरा परिणाम रकमेत दिसतो. गोदामात अपघात झाला की ‘काहीतरी देऊन टाकू’ ही भाषा ऐकू येते. कायद्यात ‘काहीतरी’ला जागा नाही, तिथे गणित आहे. समजा हमालाचे वय 40 आणि महिन्याची कमाई 12,000 रुपये. त्या वयासाठी परिशिष्टात दिलेला गुणक 184.17 आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर कमाईच्या 60 टक्के, म्हणजे 7,200 गुणिले 184.17. रक्कम होते 13,26,024 रुपये. मृत्यू झाला तर 50 टक्के, म्हणजे 6,000 गुणिले 184.17, अर्थात 11,05,020 रुपये. हाताचा अंगठा गेला तर कमावण्याची क्षमता 30 टक्के घटली असे धरतात आणि पूर्ण अपंगत्वाच्या रकमेच्या 30 टक्के, म्हणजे सुमारे 3,97,800 रुपये होतात. गुणक वयाप्रमाणे उतरत जातो. वयाच्या 30 व्या वर्षी तो 207.98 असतो, 50 व्या वर्षी 153.09. यामागचा हेतू स्पष्ट आहे. कायदा वेदनेची किंमत करत नाही. त्या शरीराने पुढची कितीतरी वर्षे जी मजुरी कमावली असती, तिचा एक भाग तो आज घरी पोहोचवतो.

हमालाला पगार नसतो, पोत्यामागे पैसे मिळतात. मग महिन्याची कमाई ठरवायची कशी? त्याचीही सोय आहे. वर्षभर त्याच मालकाकडे काम केले असेल तर वर्षाच्या कमाईचा बारावा भाग धरायचा. महिनाही भरला नसेल तर तेच काम करणाऱ्या दुसऱ्या मजुराची कमाई पाहायची. एरवी जितके दिवस सलग काम झाले, त्याच्या सरासरीवरून तीस दिवसांचा आकडा काढायचा. पाठीच्या मणक्याला मार बसला आणि परिशिष्टात ती इजा सापडली नाही, तरी दावा बुडत नाही. कमावण्याची क्षमता किती घटली ते डॉक्टरने ठरवायचे. काही आठवड्यांत माणूस बरा होणार असेल, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या कमाईचा चौथा हिस्सा, म्हणजे जवळपास निम्मी मजुरी, आणि उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मिळतो.

शरीराची हानी कामाच्या संदर्भात मोजायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली प्रताप नारायण सिंह देव खटल्यात ठसवले. ओडिशातील जेपूर इथे एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार 1968 साली पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाचे उत्तर ओळखीचे होते : हा आपला कामगार नव्हे, कंत्राटी माणूस, आणि अपघात त्याच्याच हलगर्जीपणाने झाला. दोन्ही मुद्दे टिकले नाहीत. एक हात शाबूत आहे म्हणून हानी अंशतः धरावी, हेही न्यायालयाने मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा सुतार म्हणून तो पूर्ण अपंग झाला. हमालाच्या पाठीलाही हीच कसोटी लावायची. चार पावले चालता येते म्हणून तो बरा झाला असे होत नाही. पोते उचलता येते का, हे पाहायचे.

याच निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली. भरपाई देणे लागते ते अपघात झाला त्या दिवसापासून. निकाल लागेल तेव्हापासून नव्हे. महिनाभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज चढते आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. काम मालकाचे होते हे ठरले की देणेही त्याच दिवशी उभे राहते. न्यायालय फक्त त्याची नोंद करते.

तिसरा परिणाम सगळ्यांत महत्त्वाचा, कारण उज्जैनसारख्या ठिकाणी गाडी इथेच अडते. काम कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर कापड गिरणीत सोपे असे. दरवाजावर मालकाचे नाव, आत हजेरीपट. गोदामात माल एकाचा असतो, गोदाम दुसऱ्याचे, भाडेकरू तिसरा, वाहतुकीचा ठेका चौथ्याकडे आणि हमालांची टोळी मुकादमाच्या हाताखाली. पैसे मुकादम वाटतो. अपघात झाला की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि शेवटी बोट मुकादमावर येऊन थांबते, जो स्वतः कालपर्यंत पोती उचलत होता.

कायद्याने हे आधीच ओळखले होते. धंद्याचा मालक आपल्या नेहमीच्या कामाचा भाग ठेकेदाराकरवी करून घेत असेल, तर ठेकेदाराच्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. त्याने ती द्यावी आणि मग हवी तर ठेकेदाराकडून वसूल करावी. त्या दोघांचा हिशेब होईपर्यंत जखमी माणसाने थांबायचे नाही. गोदामात आणि बाजारात मालाची चढउतार करणारे लोक कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात नाव घेऊन आले आहेत. नैमित्तिक मजुराला वगळणारे शब्द 2000 साली काढून टाकले गेले. म्हणजे एका दिवसासाठी आलेला हमालही यात बसतो. झाबुआहून हंगामापुरता आलेला मजूर आपल्या राहत्या जिल्ह्यातही दावा लावू शकतो. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. ‘काही झाले तर मागणार नाही’ असे आधी लिहून घेतलेला कागद या कायद्यापुढे शून्य आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई परस्पर घरच्यांच्या हाती देऊन मालक मोकळा होत नाही. ती या दाव्यांचा निकाल देणाऱ्या भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते, यासाठी की अंत्यविधीच्या गडबडीत थोडी रोकड आणि एका अंगठ्यावर प्रकरण मिटू नये.

मग अडते कुठे? पुराव्यात. चुकीचा पुरावा कायद्याने मागितलाच नाही, पण कामाचा पुरावा लागतोच. त्या दिवशी तो माणूस त्या गोदामात, त्या मालासाठी चढत होता, हे दाखवावे लागते. हजेरी मुकादमाच्या खिशातल्या वहीत, मजुरी रोख, ओळख टोपणनावाने. अपघातानंतर ती वही सापडत नाही. दवाखान्यात ‘पडला’ एवढेच लिहिले जाते. कुठे पडला, कशावरून, कोणाच्या कामावर, हे लिहिले जात नाही. दोन वर्षांनी आयुक्तांसमोर समोरची बाजू एवढेच म्हणते : या माणसाला आम्ही ओळखत नाही. शंभर वर्षांचा कायदा या एका वाक्यापुढे थबकतो.

मध्य प्रदेशात मंडीतल्या हमालांना आणि तुलावट्यांना, म्हणजे माल तोलणाऱ्यांना, मंडी समितीचा परवाना मिळतो. परवान्याने हमाल म्हणून ओळख मिळते, पण अमुक दिवशी तो कोणाचे काम करत होता हे त्यावरून कळत नाही. महाराष्ट्राने ही गाठ 1969 च्या माथाडी कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न केला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पुण्यात जी चळवळ उभी केली, तिचा गाभा हाच होता की पाठीवरचे ओझे कोणाचे आहे याची रोज नोंद झाली पाहिजे. माथाडी मंडळात हमालही नोंदवला जातो आणि मालकही. मजुरी मंडळामार्फत जाते, तिच्यावर ठरावीक लेव्ही भरावी लागते. हमाल पडला की तो कोणाचा माणूस, हे शोधत फिरावे लागत नाही. अंमलबजावणीत उणिवा आहेत, नोंदणी टाळणारे मालक आहेत, तरीही दिशा बरोबर आहे. मंडीचा परवाना आणि रोजच्या कामाची नोंद यांची सांगड उज्जैनच्या बाजारातही घालता येण्यासारखी आहे.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवे. छोटा गोदामवाला तेरा लाख कुठून देणार? एका अपघाताने तो बसेल, हे खरे आहे. म्हणूनच या तत्त्वाच्या पाठोपाठ विमा आला. प्रा. आडारकरांच्या 1944 च्या अहवालातून पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ज्या आस्थापनांना हा विमा लागू आहे तिथे 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराची भरपाई कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते आणि मालकावर वेगळा दावा उरत नाही. जिथे तो लागू नाही तिथे कामगार भरपाईची विमा पॉलिसी घेता येते. हप्ता हंगामभराच्या पोत्यांवर वाटला की तो धंद्याच्या खर्चात जिरतो. तेरा लाखांचा धाक हा विमा न घेतलेल्याचा धाक आहे.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. मध्य प्रदेशात असंघटित कामगारांसाठी 2018 पासून संबल योजना आहे. अपघाती मृत्यूला तीत 4 लाख रुपये मिळतात. योजना मोलाची आहे आणि अनेक घरांना तिचा आधार झाला आहे. पण ती मदत आहे. ती सरकार देते, म्हणजे आपण सगळे देतो. ‘सरकारचे चार लाख मिळाले ना’ असे म्हणून मालकाचे देणे विसरले गेले, तर धंद्याचा खर्च धंद्यातून निघून करदात्याच्या पदरात पडतो आणि धोका कमी करण्याचे कारणच मालकापाशी उरत नाही. भरपाईचे एक न बोललेले काम हेच आहे. अपघात महाग पडतो हे कळले की फळीला आडव्या पट्ट्या ठोकल्या जातात, सांडलेले दाणे झाडले जातात, थप्पीची उंची आवरली जाते आणि कीटकनाशक धुरी दिलेल्या गोदामात हवा खेळल्याशिवाय कोणाला आत पाठवले जात नाही. मदत जखमेनंतर येते. देण्याची जबाबदारी जखमेच्या आधीही काम करते.

हे तत्त्व अजून वाढते आहे. धाराशिव भागातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003 साली पहाटेच्या पाळीवर जाताना कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केली. कामावर जातानाचा प्रवास, त्याचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामाचाच भाग आहे. नव्या संहितेनेही हे मान्य केले आहे. त्या घराने बावीस वर्षे वाट पाहिली हे मात्र विसरू नये. उत्तर बरोबर मिळाले, पण एका पिढीने उशिरा.

म्हणून ज्यांच्या हाती काही करण्यासारखे आहे त्यांनी ते आजच करावे. गोदामवाल्याने हंगाम सुरू होण्याआधी टोळीतल्या प्रत्येकाचे नाव आपल्या रजिस्टरमध्ये घ्यावे आणि विमा काढावा. 2017 च्या दुरुस्तीनंतर तर कामावर घेताना भरपाईचा हक्क लेखी कळवणे मालकावर बंधनकारकच झाले. मुकादमाने रोजच्या हजेरीवर गोदामाचे नाव लिहावे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याने केसपेपरवर ‘अमुक गोदामात पोते चढवताना’ एवढे शब्द लिहून घ्यावेत, कारण पुढे ते साक्षीदारापेक्षा खरे ठरतात. घरच्यांनी दोन वर्षांच्या आत श्रम न्यायालयाची किंवा श्रम कार्यालयाची वाट धरावी. आणि आपण, जे ते धान्य दळून खातो, त्यांनी पडलेल्या माणसाभोवती उभे राहून चूक कोणाची हे विचारणे थांबवावे. काम कोणाचे होते, हे मोठ्याने विचारावे आणि उत्तर कागदावर उतरेपर्यंत तिथून हलू नये.